आठवणीचा ताळा

जुन्या शाळांत गुणाकार करून झाला म्हणजे गणित संपले असे नसे. ताळा पाहावा लागे. तरुण मंडळींनी हा प्रकार बहुधा पाहिलेला नाही, म्हणून सांगतो. समजा ३४७ ला २६ ने गुणले आणि उत्तर आले ९०२२. आता ३, ४ आणि ७ यांची बेरीज १४, पुन्हा १ आणि ४ मिळून ५. दुसऱ्या संख्येचे २ आणि ६ मिळून ८. पाच आठे चाळीस, म्हणजे ४. उत्तरातले आकडे मिळवा : ९, ०, २, २ मिळून १३, म्हणजे ४. दोन्हीकडे ४ आले, ताळा जमला. पाटीवर पुढचे गणित घ्यायला हरकत नाही.

या ताळ्याची मर्यादाही तेव्हाच सांगितली जाई. कुणी ९०२२ च्या जागी ९२०२ लिहिले तरी बेरीज १३ च येते आणि ताळा जमतो. म्हणजे ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक, पण ताळा जमला म्हणून उत्तर नक्की बरोबर असे नाही. तरीही बहुतेक चुका तो पकडतो, आणि खर्च काय, तर एका ओळीचा. याच शब्दावरून व्यापाऱ्याचा ताळेबंद आला, आणि "तो आज ताळ्यावर नाही" असे आपण म्हणतो तेही त्यातूनच.

हे सगळे आज आठवायचे कारण संगणक आहे. संगणकाला सगळे लक्षात राहते, तो विसरत नाही आणि चुकत नाही, असा आपल्याकडे एक भाबडा समज आहे. प्रत्यक्षात संगणकाची आठवण चुकते. चुकते तेव्हा "मी चुकले" असे ती सांगत नाही. दोष दुसऱ्याच कुणाच्या तरी माथी जातो. आणि हे सगळ्यात ठळकपणे दिसते ते संगणकात नवीन विंडोज किंवा लिनक्स टाकताना. त्याचे कारण पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास, कारण तो बराचसा आपल्या मुंबईत घडलेला आहे.

भारतात तयार झालेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला. संस्था १९४५ साली डॉ. होमी भाभांनी स्थापन केली. संगणकाचे छोटे प्रायोगिक यंत्र १९५६ साली चालू झाले, आणि पूर्ण यंत्र १९६० साली. त्याचे नाव टिफ्रॅक, आणि ते पंडित नेहरूंनी ठेवले. त्यामागच्या तरुण मंडळींत रंगस्वामी नरसिंहन हे प्रमुख नाव. यंत्रात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. आमच्या पिढीने व्हॉल्व्हचे रेडिओ पाहिले आहेत, त्या जातीच्या या नळ्या.

टिफ्रॅकची आठवण मात्र नळ्यांत नव्हती. ती होती फेराइटच्या बारीक कड्यांत. प्रत्येक कडी म्हणजे एक बिट. कडीतून तारा ओवलेल्या. कडी एका दिशेने चुंबकित झाली तर शून्य, उलट दिशेने झाली तर एक. आठवणीत २०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा. गुणाकार करा, ८१,९२० बिट होतात. या कड्यांची एक गंमत अशी की कडीतले वाचले की ते पुसले जाई, म्हणून प्रत्येक वाचनानंतर तेच पुन्हा लिहावे लागे. वाचलेले टिकवायचे तर पुन्हा लिहा, हे आम्ही वर्गात सांगत आलो. यंत्रालाही तेच करावे लागत होते!

आता तुलना करा. रॅमची एक जीबीची पट्टी, जी आज जुन्या बाजारातही कुणी विचारत नाही, तिच्यात ८५८ कोटींहून जास्त बिट असतात. म्हणजे एका बोटभर पट्टीत एक लाखाहून जास्त टिफ्रॅकांची आठवण. आणि यातला एक बिट, फक्त एक, उलटा पडला तर? शून्याचा एक झाला तर?

हा प्रश्न टिफ्रॅकच्याही आधी अमेरिकेत एका माणसाला पडला होता. बेल प्रयोगशाळेतले गणिती रिचर्ड हॅमिंग. साल १९४७. तिथे रिलेंवर चालणारा संगणक होता आणि हॅमिंग यांना तो शनिवार-रविवारी वापरायला मिळे. यंत्राला आपली चूक झाली एवढे कळत असे, ताळा होता. पण सुट्टीच्या दिवशी देखरेखीला कुणी नसे, म्हणून चूक सापडली की यंत्र ते काम टाकून देई आणि पुढचे घेई. सोमवारी येऊन पाहावे तर काम अर्धवट. दोन आठवडे असे झाल्यावर हॅमिंग वैतागले. त्यांचे म्हणणे साधे होते : चूक झाली हे यंत्राला कळते, तर ती नेमकी कुठे झाली हे शोधून दुरुस्त का करता येऊ नये? त्यातून त्यांनी जी पद्धत काढली ती १९५० साली प्रसिद्ध झाली. मूळ बिटांबरोबर काही जादा बिट असे ठेवायचे की ताळे एकमेकांना छेद देतील. कोणते ताळे चुकले हे पाहिले की चुकलेल्या बिटाची जागा कळते. आणि बिटाची जागा कळली की दुरुस्ती म्हणजे फक्त उलटे करणे, कारण तिसरा पर्यायच नाही.

साधा ताळा याहून सोपा. आठ बिटांमागे एक नववा बिट ठेवायचा, आणि एकांची संख्या सम आहे की विषम हे त्यात लिहायचे. याला पॅरिटी म्हणतात. एक बिट उलटला तर ताळा चुकतो. दोन उलटले तर मात्र आपल्या ९२०२ सारखे होते, ताळा जमतो आणि चूक निसटते. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला तेव्हा त्याच्या मेमरीत असा नववा बिट होता. ताळा चुकला की पडद्यावर "पॅरिटी चेक" असे शब्द येत आणि यंत्र जागच्या जागी थांबे. लोक चिडत. पण विचार करा, चुकीचा हिशेब पुढे चालू ठेवण्यापेक्षा थांबलेले बरे नाही का?

मग ही नववी चिप गेली कुठे? ती खर्चापायी गेली. मेमरी महाग होती, आठांच्या जागी नऊ चिपा बसवायच्या म्हणजे आठवा हिस्सा खर्च वाढला. चिपा सुधारल्या होत्या, चुका क्वचित होत. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत घरगुती संगणकातून ताळ्याची चिप बहुतेक निघून गेली. बँकांच्या, मोठ्या कचेऱ्यांच्या सर्व्हरमध्ये ती राहिली, हॅमिंगच्या पद्धतीसह : ६४ बिटांमागे ८ जादा बिट, म्हणजे पुन्हा आठ चिपांमागे नववी. तुमच्या-आमच्या घरात आला तो बिनताळ्याचा संगणक. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाले. उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावातही क्लास निघाले, आणि शिक्षकांपासून कारकुनांपर्यंत सगळे माउस धरायला शिकले. त्या क्लासांतून आणि मग घराघरांतून जे संगणक आले, त्यांना आपली आठवण चुकते आहे हे कळण्याची सोयच नव्हती.

बिट उलटतो तरी कसा? टिफ्रॅकच्या कड्या गेल्या आणि १९७० पासून सिलिकॉनच्या चिपा आल्या. यात प्रत्येक बिट म्हणजे विजेचा एक अतिसूक्ष्म साठा. हा साठा गळक्या माठासारखा असतो. सतत भरत राहावे लागते. साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत सगळी मेमरी एकदा वाचून पुन्हा भरली जाते, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. एखादा माठ प्रमाणाबाहेर गळका निघाला की पुन्हा भरेपर्यंत रिकामा होतो. हा झाला कायमचा दोष. पट्टी बदलल्याशिवाय तो जात नाही.

दुसरा प्रकार पाहुण्यासारखा, आला नि गेला. १९७८ साली इंटेलचे टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवले की चिपेच्या सिरॅमिक वेष्टनात युरेनियम-थोरियमचे अतिसूक्ष्म अंश होते. त्यातून निघणारा एखादा अल्फा कण साठ्यावर आदळला की बिट उलटे. पुढच्याच वर्षी, १९७९ साली, आयबीएमचे झिग्लर आणि येल विद्यापीठाचे लॅनफर्ड यांनी म्हटले की नुसते वेष्टन शुद्ध करून भागणार नाही, आकाशातून येणारे विश्वकिरणही हेच करू शकतात.

विश्वकिरण म्हटले की आपल्याला भाभा आठवायला हवेत. १९३७ साली भाभा आणि हाइटलर यांनी विश्वकिरणांचे वर्षाव कसे होतात याचा सिद्धांत मांडला. एक कण वातावरणात शिरतो, त्यातून दोन, दोनातून चार, असा पाऊस खाली येतो. भाभांची जगभर ओळख झाली ती याच कामाने. त्याच माणसाने उभारलेल्या संस्थेत आपला पहिला संगणक झाला. चुंबकीय कड्यांना त्या पावसाचा फारसा उपद्रव नव्हता. तो जाणवू लागला सिलिकॉन आल्यावर, आणि भाभा तर १९६६ सालीच विमान अपघातात गेले होते. आपण अभ्यासलेले किरण पुढे संगणकाच्या आठवणीत ढवळाढवळ करतात, हे पाहायला ते राहिले नाहीत.

असो. आता आपल्या गावात येऊ. काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका मुलाने शहरातून जोडलेला संगणक आणला. त्यात विंडोज टाकायला बसला तर पहिल्यांदा "अमुक फाइल कॉपी होत नाही" असे आले. पुन्हा सुरू केले तर ती फाइल सुरळीत गेली आणि दुसरीच अडली. तिसऱ्यांदा सगळा पडदा निळा. दुकानदार फोनवर म्हणाला, सीडी खराब. नवी सीडी आणली, तेच. मग म्हणाला, हार्ड डिस्क खराब. मग म्हणाला, तुमच्या उमरखेडची लाइट खराब! भारनियमनाचे दिवस पाहिलेल्या माणसाला हे पटतेच, त्यामुळे मुलाचे वडीलही मान डोलवू लागले.

मुलगा मात्र हुशार. त्याने एक गोष्ट टिपली होती : दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडते. खरे निदान इथेच आहे. मास्तरकीच्या इतक्या वर्षांत मी हे हजारदा पाहिले. एखादा मुलगा तेच गणित तीनदा दिले आणि तिन्ही वेळा एकाच पायरीवर चुकला, तर त्याला ती पायरी समजलेली नाही. पण तिन्ही वेळा वेगळ्या पायरीवर चुकला तर गणिताचा दोष नाही, पोरगा उपाशी आहे, आजारी आहे किंवा रात्री झोपलेला नाही. सीडीवर चरा असेल तर संगणक दर वेळी त्याच चऱ्याशी अडेल. जागा बदलत असेल तर मेमरीकडे पाहावे.

आणि हे नेमके विंडोज किंवा लिनक्स टाकतानाच का उघड होते? कारण त्या वेळी सीडीवरची प्रत्येक फाइल मेमरीतून जाते. सीडीवर फाइली दाबून भरलेल्या असतात. त्या मेमरीत आणायच्या, तिथे उलगडायच्या, मग डिस्कवर लिहायच्या. एरवी पत्र टाइप करताना मेमरीचा बराच भाग रिकामा पडून असतो, दोष झाकला जातो. इथे कोपरान् कोपरा वापरात येतो. दाबलेल्या फाइलीत एक बिट उलटला की पुढचे उलगडणेच फसते. फाइलीला तिचा स्वतःचा ताळा असतो, तो जमत नाही, आणि संगणक बिचारा म्हणतो, फाइल खराब आहे. फाइल चांगली असते. ज्या आठवणीत ती ठेवून तपासली, ती आठवणच बिघडलेली. न्यायाधीशच ताळ्यावर नसेल तर निर्दोष साक्षीदार आत जाणारच.

मुलाने मग मेमटेस्ट चालवले. हा छोटा प्रोग्राम ख्रिस ब्रेडी यांनी १९९४ च्या सुमारास लिहिला, आणि २००४ पासून मेमटेस्ट८६ प्लस ही त्याची दुसरी शाखाही निघाली. लिनक्सच्या बऱ्याच सीडींवर सुरुवातीच्या यादीतच तो असे. विंडोजमध्येही व्हिस्टापासून असे एक साधन आले. मेमटेस्ट विंडोज किंवा लिनक्सच्या आधाराने चालत नाही, कारण ती स्वतःच मेमरीत बसून जागा अडवतात, आणि ज्या चटईवर आपण बसलो ती झाडता येत नाही. तो एकटा सुरू होतो, सगळ्या मेमरीत ठरावीक आकृती लिहितो आणि परत वाचतो. मग उलट आकृती लिहितो आणि वाचतो. स्वतः ज्या जागेत बसला आहे तीही तपासता यावी म्हणून मध्येच दुसरीकडे सरकून बसतो! शेजारच्या घरात लिहिल्याने या घरातले बदलते का, हेही पाहतो. ही शंका पोकळ नाही. २०१४ साली कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी दाखवले की मेमरीची एकच ओळ पुन्हा पुन्हा उघडली तर शेजारच्या ओळीतले बिट उलटू शकतात.

रात्रभर तपासणी चालली. सकाळी पडद्यावर लाल ओळी. लिहिले ते आणि वाचले ते, यांत दर वेळी एकाच बिटाचा फरक, आणि पत्ता ठरलेला. पुढची पद्धत कुणालाही करता येईल. संगणक बंद करून वायर काढायची. दोन पट्ट्या असतील तर एकच ठेवायची, तपासायची. मग दुसरी, त्याच खाचेत. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी खराब. कोणतीही पट्टी लावली तरी एकाच खाचेत दोष येत असेल तर मदरबोर्डकडे पाहायचे. त्याआधी पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसून घ्यायचे, पुष्कळदा दोष तिथल्या मळाचाच असतो. या मुलाच्या बाबतीत दोष पट्टीबरोबर फिरला. पट्टी बदलली आणि त्याच सीडीने, त्याच डिस्कवर, उमरखेडच्या त्याच लाइटीवर विंडोज पहिल्या फटक्यात बसले.

दोष आकाशावर ढकलायचीही एक सवय असते, म्हणून हे सांगतो. २००९ साली गूगलच्या हजारो सर्व्हरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात साधारण आठ टक्के पट्ट्यांत निदान एक तरी चूक नोंदली गेली, आणि अभ्यासकांचा कल असा की यातल्या बहुतेक चुका कायमच्या दोषातून आलेल्या, विश्वकिरणांच्या नव्हेत. म्हणजे पुन्हा पुन्हा तेच होत असेल तर भाभांच्या किरणांना बोल लावू नका, पट्टी तपासा. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या संगणकातली पट्टी २०२२ साली बिघडली, आणि सुरुवातीला त्यांचाही संशय नव्या प्रोग्रामवर गेला होता.

आता मुद्द्याचे. अडले तर नशीब म्हणायचे, कारण दोष कळला. खरी भीती न अडण्याची आहे. उलटलेला बिट एखाद्या पत्रात, फोटोत किंवा हिशेबात गेला तर काहीच थांबत नाही. चूक डिस्कवर लिहिली जाते आणि तीच खरी प्रत होऊन बसते. पुढे तुम्ही पट्टी बदला, काही उपयोग नाही, चूक आता कायमची झाली. २००३ साली बेल्जियममध्ये ब्रुसेल्समधल्या स्खारबेक भागात संगणकावर मतदान झाले. एका उमेदवाराला मिळू शकतील त्याहून जास्त मते दिसली म्हणून तपासले, तर बरोबर ४०९६ जास्त. दोनाला दोनाने गुणत जा, बाराव्या घाताला ४०९६ येते. म्हणजे एकच बिट उलटला असावा. तो कशाने उलटला हे सिद्ध झाले नाही. पण आकडा अशक्य होता म्हणून पकडला गेला. शक्य कोटीतला असता तर?

हाताने नकलणाऱ्यांनाही ही भीती ठाऊक होती. ज्ञानेश्वरी १२९० ची. नकलेवर नकल होत तीनशे वर्षांत पाठ बिघडत गेले. पैठणला एकनाथांनी अनेक पोथ्या ताडून १५८४ साली शुद्ध प्रत सिद्ध केली. एकच पोथी उरली असती तर नाथांनी तरी कशाशी ताडले असते? आणि अगदी अलीकडचे म्हणाल तर २०१७ साली आपल्या राज्यात संगणकावर चढवलेल्या सातबाऱ्यांचे चावडी वाचन झाले. तिथल्या चुका माणसांनी टाइप करताना केलेल्या, मेमरीच्या नव्हेत. पण उपाय तोच : लिहिलेले चारचौघांत मोठ्याने वाचायचे, आणि ज्याचे शेत त्याने कान देऊन ऐकायचे. मेमटेस्ट म्हणजे तरी काय, मेमरीचे चावडी वाचनच.

२०२० साली ठरलेल्या डीडीआर५ या नव्या जातीच्या मेमरीत चिपेच्या आतल्या आत चूक दुरुस्त करण्याची सोय आली आहे. हॅमिंग यांची विद्या घरात शिरली, हे चांगले झाले. पण हा ताळा चिपेच्या भिंतीआडचा. चिपेतून बाहेर पडून पुढे जाताना बिट उलटला तर त्याला पत्ता नसतो. संपूर्ण ताळ्यासाठी जादा चिपा आजही लागतात, आणि घरगुती संगणकात त्या बहुधा नसतात.

म्हणून आमच्या भाचे-पुतण्यांना सांगणे एवढेच. जुना किंवा नवा संगणक घ्याल तेव्हा त्यात काही टाकण्याआधी एक रात्र मेमटेस्टला द्या. घरातले फोटो आणि कागदपत्रे एकाच यंत्राच्या भरवशावर ठेवू नका. दुसरी प्रत ठेवा, आणि अधूनमधून ती उघडून पाहा. आणि यंत्र "फाइल खराब आहे" म्हणाले तर लगेच मान डोलवू नका. सांगणाऱ्याचा ताळा कुणी पाहिला आहे, एवढे आधी विचारा.